सुरेचे वडे

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका मुलीचे लग्न झाले आणि त्या लग्नापायी आम्हांस आयुष्यात प्रथमच पिठात हात घालावा लागला. चाळिशी उलटलेल्या, राशोलच्या सेमिनरीत ईशज्ञान शिकून आलेल्या पाद्र्याने स्वयंपाकघरात लुडबूड करू नये, असे आमच्या घरी रांधणाऱ्या बाईंचे स्पष्ट मत आहे, आणि ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि घडले ते सांगितले पाहिजे.

मुलगी पेडणे तालुक्यातील. आई तिच्या लहानपणीच देवाघरी गेली. वडील वर्षातले नऊ महिने बोटीवर. लग्नाची नोंद करावयास ती आमच्याकडे आली तेव्हा कागदपत्रे आटोपल्यावर जरा घुटमळली आणि म्हणाली, “फादर, आईच्या नावाने भिकाऱ्यांचे जेवण घालायचे आहे. पण वडे करायला घरात कोणी नाही. जेवणाचे कंत्राट घेणारा म्हणतो, वड्यांऐवजी पुऱ्या देतो. चालेल ना?”

त्या दिवशी आम्हांस घाई होती. आम्ही म्हटले, “देवाच्या दृष्टीने पुरीत आणि वड्यात काय भेद आहे, बाळ? गरिबाचे पोट भरले म्हणजे झाले. अवश्य चालेल.”

उत्तर धर्मशास्त्राला धरून होते. मुलगी “बरे” म्हणून उठली. दारात पोचल्यावर मागे वळून, जणू स्वतःशीच बोलावे तशी म्हणाली, “आईला चालले नसते.”

गोव्याबाहेरील वाचकांस हा प्रकार ठाऊक नसण्याचा संभव आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. लग्नाआधी घरातील मृतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना बोलावून, चटईवर बसवून पोटभर जेवू घालण्याची चाल गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत जुनी आहे. नाव सरळ आणि काहीसे कठोर आहे, पण भाव तसा नाही. त्या दिवशी पानावर बसलेला गरीब मनुष्य हा घरच्या मृतांच्या जागी बसलेला असतो, आणि त्याला वाढताना घरधनीण डोक्यावर पदर घेते. त्या पानावर गोड वडे हवेतच. हे वडे म्हणजे बटाटेवडे नव्हेत, आणि आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे कोंबडीच्या रश्श्याबरोबर होतात ते तांदूळ-उडदाचेही नव्हेत. गव्हाच्या पिठात गूळ, चिमूटभर मीठ आणि माडाची ताजी सूर घालून कणीक मळावयाची, रात्रभर झाकून ठेवावयाची, आणि सकाळी ती फुगून दुप्पट झाली म्हणजे तिचे वडे थापून तेलात सोडावयाचे. बाहेरून तांबूस, आतून पावासारखे जाळीदार. वसई-मुंबईकडील वाचकांनी आपले फुगे डोळ्यांपुढे आणावेत. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध घालून, मुठीतून अंगठ्यालगत पिळून तेलात सोडलेले ते गोल फुगे आमच्या वड्यांचे सख्खे नसले तरी चुलत भाऊ खासच आहेत.

आणि असे भाऊबंद दूरवर पसरले आहेत. पोर्तुगालात नाताळात ‘फिल्योज’ तळतात. मदैरा आणि असोरीश या पोर्तुगीज बेटांवर उपवासकाळाच्या तोंडावर ‘मालासादा’ होतात. 1878 सालापासून त्या बेटांवरील लोक उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी हवाईला गेले, त्यांनी तो पदार्थ तिकडे नेला, आणि आज हवाईत राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवाराला लोक मालासादांचाच मंगळवार म्हणतात. पोलंडात त्या मंगळवाराआधीच्या गुरुवारी मुरंबा भरलेले असेच गोळे घरोघर खातात. कारण अगदी व्यवहारी आहे. पूर्वी उपवासकाळात चरबी व अंडी वर्ज्य असत. घरात साठलेली ती वस्तू खराब होण्याआधी संपविली पाहिजे, तर तळून खाण्यासारखा दुसरा मार्ग कोणता? आमचे वडे मात्र घरचे सामान संपविण्यासाठी केले जात नाहीत. ते दुसऱ्याच्या पानावर वाढण्यासाठी केले जातात. यात आमचा गोंयकारी अभिमान डोकावत असेल तर वाचकांनी क्षमा करावी.

मुलगी गेल्यावर आम्हांस आमची मातोश्री आठवली. ती डिचोलीची. आमच्या लहानपणी वाड्यावर आमची दोनच ख्रिस्ती घरे होती, बाकी सारी शेजारपाजारची हिंदू मंडळी. नाताळ आला की मातोश्री दोन पराती घेऊन बसे. एकीत सुरेची कणीक, दुसरीत दही आणि पिकलेले केळे घालून मळलेली. आम्ही एकदा विचारले, ही दुसरी कशाला? ती म्हणाली, “शेजारच्या आजीला सूर चालत नाही. तिला दिलेला वडा तिने बैलाला घालू नये, एवढेच.” पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला, असे मानणारी ती पिढी होती, आणि सूर तर साक्षात दारूची बहीण. मातोश्रीने त्यावर वाद घातला नाही, रागही धरला नाही. दुसरी परात घेतली. आजकाल गोव्याच्या हॉटेलांतून सकाळी जे ‘बन्स’ मिळतात तेही दही-केळ्यावरच फुगतात. ते पाहिले की आम्हांस दरवेळी ती आजी आठवते.

मातोश्री चार वर्षांपूर्वी वारली. कणीक कशी मळतेस, हे आम्ही तिला एकदाही विचारले नाही. आणि इकडे, एका स्त्रीने खमीर घेऊन तीन मापे पिठात लपविले, हा मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रभूचा दाखला आम्ही व्यासपीठावरून किती वेळा समजावून सांगितला असेल याची गणती नाही. ग्रीक शब्द, यहुदी मापे, सारे सांगत असू. तीन मापे म्हणजे शंभराहून अधिक माणसांना पुरेल इतके पीठ, म्हणजे ती बाई केवळ आपल्या घरापुरते मळत नव्हती, हेही सांगत असू. फक्त खमीर हाताला कसे लागते हे आम्हांस ठाऊक नव्हते. वेदीवर आम्ही रोज हाताळतो ती भाकर तर बेखमीर.

त्याच संध्याकाळी आम्ही मुलीच्या घरी गेलो आणि म्हटले, “पुऱ्या राहू देत. वडे घरीच करू.” कोण करणार, हा प्रश्न तिने विचारला नाही, पण तो तिच्या चेहऱ्यावर होता. वाड्यावरील एका वृद्ध मावशीला आम्ही विनंती केली. ऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, दोन्ही मुलगे इंग्लंडात. ती म्हणाली, “मी बसून सांगेन, पाद्रीबाब. हात दुसऱ्याचे. पण सूर आणा. पाकिटातल्या यीस्टने मी सांगणार नाही.”

इथे आम्हांस आमचे एक जुने कृत्य कबूल करणे भाग आहे. आम्ही या धर्मग्रामात नवे आलो त्या वर्षी, उपवासकाळात, दारूवर एक प्रवचन केले होते. गावात दारूने मोडलेली घरे आम्ही पाहिली होती, आणि त्या विषयावर बोललो त्याचा आम्हांस आजही पस्तावा नाही. पण बोलण्याच्या भरात काजूची, माडाची, बाटलीतली, सगळी एका माळेत ओवली, आणि ‘माडावर चढून विष उतरविणारे हात’ असे काहीसे अलंकारिक वाक्य उच्चारले. वाक्य आम्हांस तेव्हा फार आवडले होते. मागच्या बाकावर गावचा शेवटचा रेंदेर बसला होता. साठी उलटलेला, दर रविवारी मिस्साला येणारा मनुष्य. पुढील पावसाळ्यानंतर तो माडावर चढला नाही. गुडघ्यांमुळे, असे तो सांगे. त्याचा मुलगा विमानतळावर सामान वाहण्याच्या कामाला लागला. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आमच्या तालुक्यातील पुष्कळ तरुण तिकडे आहेत. गुडघे खरे की आमचे वाक्य खरे, हे आम्ही त्यास कधी विचारले नव्हते.

आता गावात सूर नव्हती.

रेंदेराचा धंदा कष्टाचा आहे. दिवसातून तीन वेळा माडावर चढावयाचे. सकाळी व संध्याकाळी सूर उतरवावयाची आणि दुपारी फुलोऱ्याची पोय कोयत्याने पातळ कापून पुन्हा वाहती करावयाची. पोयीच्या टोकाला मातीचे दामोणे बांधलेले, कमरेला दुदिणे लटकलेले. थेंब गळतो तेव्हा तो निव्वळ गोड रस असतो; परंतु मडक्यात आणि हवेत यीस्टचे सूक्ष्म जीव सदैव वास करून असतात, ते रसातील साखर खाऊ लागतात, आणि काही तासांत ती सूर फसफसू लागते. सकाळची सूर दुपारपर्यंत आंबट होते आणि तशीच ठेवली तर काही दिवसांत तिचे शिरके होते. आंबणे ही जिवंत जीवांची करणी आहे हे फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी 1857 पासून आपल्या प्रयोगांनी सिद्ध केले. आमच्या आज्यांनी प्रयोग केले नाहीत. त्या फक्त रेंदेराकडे पहाटे माणूस पाठवीत.

आम्ही पहाटे गेलो नाही. सकाळी मिस्सा, मग एक मरण, मग कार्यालयात कोणाचा दाखला. अकरा वाजता स्कूटर काढली, ती मांद्रे, हरमल अशी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरविली. माड आहेत, त्यांच्या सावलीत परदेशी पाहुण्यांच्या झोपड्या आहेत, माडावर माणूस नाही. अखेर एका वाडीत एक रेंदेर भेटला. गळ्यात पांढरी पट्टी घातलेला पाद्री सूर मागतो आहे हे पाहून त्याने प्रथम इकडेतिकडे पाहिले. “वड्यांसाठी,” आम्ही म्हटले. “सगळे तेच सांगतात, पाद्रीबाब,” तो म्हणाला, आणि दोन बाटल्या भरून दिल्या. बूच घट्ट लावू नका, असे त्याने बजावले होते. सांडेल म्हणून आम्ही घट्ट लावले. मे महिन्याचे ऊन, स्कूटरच्या सीटखालचा बंद कप्पा आणि आमचे रस्ते. चर्चच्या अंगणात पोचलो तो आतून बार उडाला. एक बाटली वाचली. आमची प्रार्थनेची पोथी अजून आंबूस वास मारते, आणि त्या संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी एकमेकांकडे जे पाहिले ते आम्ही न पाहिल्यासारखे केले.

त्या रात्री मुलीच्या घरी मावशी खुर्चीवर, परात जमिनीवर, आणि परातीभोवती मुलगी, शेजारच्या हिंदू घरची वहिनी व आम्ही. वहिनीचा हात या कामात तरबेज. तिच्याकडे घारगे उत्तम होतात. मावशीजवळ मापे नव्हती. “सूर किती घालू?” असे विचारले की उत्तर येई, “पीठ मागेल तेवढी.” आम्ही मात्र वाचकांसाठी गुपचूप मोजून घेतले: 1 किलो गव्हाच्या पिठास पाव किलो गूळ, एक लहान चमचा मीठ, आणि सुमारे अर्धा लिटर सूर, त्यातच गूळ विरघळवून गाळून घेतलेला. ज्यांना सूर मिळणे अशक्य आहे त्यांनी अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन लहान चमचे कोरडे यीस्ट घालावे, म्हणजे दोन-तीन तासांत कणीक फुगते. पाणी बोटाला सोसेल इतकेच कोमट असावे. कढत पाण्यात यीस्ट मरते. गूळही हात राखूनच घालावा, कारण गोड फार झाले तर यीस्टचे काम मंदावते. ही पाकिटाची रीत मावशीच्या समोर बोलू नये.

मग मळणे. आम्हांस वाटले होते, पाच मिनिटांचे काम. मावशीने अर्धा तास मळावयास लावले. गव्हाच्या पिठात जो चिवटपणा असतो त्याची मळून मळून जाळी तयार होते, आणि यीस्ट जो वायू सोडते तो त्या जाळीत अडकून राहतो. जाळी नीट झाली नाही तर वायू निसटतो आणि वडा दगड होतो. हे सारे आम्ही मावशीला समजावून सांगितले. ती म्हणाली, “बोला, पण हात थांबवू नका.” कणीक आधी बोटांना चिकटली, मनगटांपर्यंत चढली, मग हळूहळू आपणहून सुटू लागली आणि शेवटी कानाच्या पाळीसारखी मऊ झाली. मावशीने तीवर बोटाने क्रूस काढला, फडके घातले, आणि मुलीला म्हणाली, “तुझी आई असाच क्रूस काढी. आणि मग कोणाला झाकण उघडू देत नसे.” मुलगी काही बोलली नाही. ती उठून चूल सारवण्याचे निमित्त करून आत गेली, आणि वहिनी तिच्यामागे गेली.

1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढून ख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील पानसुपारी, फुले, देशी वाद्ये अशा कितीतरी चाली बंद केल्या होत्या. तेव्हा पेडणे-डिचोली हे मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. ते पोर्तुगिजांकडे आले त्याच शतकाच्या अखेरीस. पण जेथे हुकूम चालत होता तेथेही लग्नघरच्या बायका ओव्या गातच राहिल्या. हुकूम काढणारे पुरुष बहुधा स्वयंपाकघरात फिरकत नसावेत. आम्हीही आजवर फिरकलो नव्हतो.

पहाटे पाच वाजता झाकण काढले. कणीक परातीच्या काठावर आली होती. वहिनीने केळीच्या पानाला तेलाचा हात लावून वडे थापले, तळहाताएवढे, अर्ध्या बोटाइतके जाड. थापल्यावर त्यांना पुन्हा थोडा वेळ विसावा दिला. खोबरेल तापले की नाही हे पाहण्यास पिठाचा कण टाकावयाचा: तो तळाशी जाऊन लगेच वर आला म्हणजे ठीक. आच मध्यम हवी, कारण गुळामुळे वडा बाहेरून लवकर करपतो व आत कच्चा राहतो. आमचे पहिले तीन तसेच झाले. चौथ्यावर मावशीच्या सांगण्यावरून झाऱ्याने तेल उडविले, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत फुगून टम्म झाला. आम्ही ओरडलो असावे, कारण वहिनी हसली. तिने जाताना आपल्या घरी पाच-सहा नेले. सासूला सूर चालते का, असे आम्ही विचारले. “पूर्वी चालत नव्हती,” ती म्हणाली. “आता त्याच मागवतात.”

दुपारी जेवण. हल्ली भिकारी मिळत नाहीत, ही चांगलीच गोष्ट आहे; म्हणून गावातील एकटे, वृद्ध, हातावर पोट असलेले, अशा बारा जणांना मुलीने बोलावले होते. त्यांत तो रेंदेर होता. मुलीने स्वतः पदर घेऊन वाढले. वडे वाढण्याचे काम आम्ही मागून घेतले होते. त्याच्यापुढे वाकलो तेव्हा त्याने वडा उचलला, मोडला, नाकाशी नेला, आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, “सुरेचे आहेत.”

“होय,” आम्ही म्हटले. आणि मग, पंगत बसलेली असता, हातात टोपली असता, जे सहा वर्षे बोललो नव्हतो ते बोललो: “ते प्रवचन... तुमच्याविषयी बोलायचे नव्हते मला. चुकलो मी.”

त्याने वड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. सारी पंगत गप्प होती, किंवा आम्हांसच तसे वाटले.

“पाद्रीबाब,” तो म्हणाला, “सूर दुपारी आणलीत. आंबट झाली आहे. सकाळी सहाच्या आत जावे लागते.” मग पान थोडे पुढे सरकवले. “आणखी दोन वाढा.”